मागे फिरणारा बाण

आज आपण एका बटणाविषयी बोलू. हे बटण संगणकावर आहे. तुमच्या मोबाईलवरही आहे. डावीकडे तोंड केलेली एक लहानशी खूण असते, बाणासारखी. ती दाबली की आपण मागच्या पानावर येतो. काही मोबाईलवर ही खूण नसते. तिथं पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढलं की तेच काम होतं.

आपली रहाटणी आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. शेतं थोडी उरली, इमारती उभ्या राहिल्या. घरपट्टी, वीजबिल, सातबारा, रेल्वेचं तिकीट, ही कामं आता पडद्यावर होतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो. सोय चांगली आहे. पण ऐन कामाच्या वेळी हा बाण कधी कधी अडतो. माणूस घाबरतो. पुन्हा पुन्हा बटण दाबत सुटतो. त्यात पैसे दोनदा जायचं भय असतं. म्हणून हे बटण आधी ओळखून घेऊ.

बाण काय करतो?

इंटरनेटवरची पानं आपण ज्यातून पाहतो, त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझरच. आपण पाहिलेली पानं ब्राउझर ध्यानात ठेवतो. कशी ठेवतो? भाकरींच्या चवडीसारखी. पहिली भाकरी खाली, दुसरी तिच्यावर, तिसरी तिच्याही वर. घेताना मात्र वरची आधी हाती येते. बाण दाबला की ब्राउझर वरचं पान बाजूला करतो आणि त्याच्या खालचं दाखवतो. बस, एवढंच त्याचं काम.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बाण फक्त पान बदलतो. केलेलं काम तो पुसत नाही. तुम्ही अर्ज पाठवला, पैसे भरले, आणि मग मागे आलात. तुमच्यासमोर जुनं पान आलं. पण अर्ज गेला तो गेलाच. पैसे गेले ते गेलेच. धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही, म्हणतात ना? तसंच हे.

दोष कुणाचा?

घरातली वीज गेली की आपण काय करतो? आधी शेजारी डोकावतो. शेजारीही अंधार असेल तर दोष तारेत. शेजारी उजेड असेल तर दोष आपल्या घरात. इथंही तसंच करा. दुसरी एखादी साइट उघडा. तिथं दोनचार पानं पाहा आणि मग बाण दाबा. तिथं तो नीट चालला, तर दोष पहिल्या साइटचा. कुठंच चालला नाही, तर दोष आपल्या ब्राउझरचा. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. तो जुना झाला असेल तर नवा करून घ्या. त्याला जादा जोडण्या लावल्या असतील, तर एकेक काढून पाहा.

आता नेहमीच्या अडचणी पाहू.

बाण फिका दिसतो, दबत नाही. अशा वेळी बहुधा पान नव्या टॅबमध्ये उघडलेलं असतं. टॅब म्हणजे त्याच खिडकीतलं दुसरं दालन. नव्या दालनात चवड नवी. तिच्यात एकच भाकरी. तिच्या खाली काही नाही, तर बाण दाखवणार काय? ते दालन फुलीवर बोट ठेवून बंद करा. जुनं पान जुन्या दालनात तुमची वाट पाहत असतं.

बाण दाबला, तरी तेच पान पुन्हा येतं. समजा, काळेवाडीतलं एक दुकान पिंपरीच्या बाजारात गेलं. जुन्या जागी मालकानं एक माणूस उभा केला. तुम्ही गेलात की तो म्हणतो, "पिंपरीला जा." तुम्ही पिंपरीला जाता. तिथून एक पाऊल मागे आलात की पुन्हा त्याच माणसापाशी येता. तो पुन्हा म्हणतो, "पिंपरीला जा." काही पानं अशीच असतात. ती स्वतः काही दाखवत नाहीत, नुसती पुढं ढकलतात. त्यावर उपाय सोपा आहे. त्या माणसाला ओलांडून जा. संगणकावर बाणावर बोट दाबून धरा. मागच्या पानांची यादी खाली उघडते. तिच्यातून हवं ते पान निवडा. किंवा बाण दोनदा झटपट दाबा.

पान सुटूच देत नाही. काही लबाड पानं मुद्दाम असं करतात. आपलंच पान चवडीत अनेकदा घुसडतात. वर लिहितात, "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच या नंबरवर बोला." घाबरू नका. त्या पानावर कुठंही बोट लावू नका. तो नंबर फिरवू नका. कुणाला ओटीपी सांगू नका. सरळ टॅब बंद करा. चुकून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सरकारी नंबरवर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

लिहिलेलं सगळं गेलं. लांबलचक अर्ज भरताना मागे जाऊ नका. पान बदललं की लिहिलेलं पुसलं जाऊ शकतं. पूर्वी क्रोममध्ये अक्षर खोडायची कळ दाबली तरीही पान मागे जायचं. लोकांचं लिहिलेलं वाया जायचं. म्हणून २०१६ साली क्रोमनं ती सोय काढून टाकली. लांब मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवावा, हे बरं.

दुसऱ्याचा संगणक. आपण सेवा केंद्रात जातो, काम करतो, आणि उठून येतो. मागून आलेल्या माणसानं बाण दाबला, तर कधी कधी तुमचं पान त्याला दिसू शकतं. तुमचं नाव, आधार क्रमांक, खात्याचा आकडा! म्हणून उठण्याआधी लॉग आउट करा. मग सगळी खिडकीच बंद करा.

पैसे भरताना

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पैसे भरताना पडद्यावर बहुधा लिहिलेलं येतं, "बॅक दाबू नका." हे उगीच लिहिलेलं नसतं. त्या वेळी तीन घरांत बोलणं चाललेलं असतं: तुमची बँक, पैसे पोचवणारी कंपनी आणि कार्यालय. तुम्ही मध्येच मागे गेलात, तर पैसे निघतात, पण निरोप पोचत नाही. पावती मिळत नाही. मग माणूस घाईनं पुन्हा भरतो.

कधी ब्राउझर इंग्रजीत विचारतो, "हा अर्ज पुन्हा पाठवू का?" तिथं 'नाही' म्हणा. 'हो' म्हटलं तर तेच काम दुसऱ्यांदा होऊ शकतं.

पान अडकलं तर काय करावं? थोडं थांबा. मग बँकेचा संदेश पाहा. खात्यातून रक्कम वजा झाली आहे का, ते पाहा. नंतर त्या कार्यालयाच्या साइटवर पुढच्या दारानं, म्हणजे पहिल्या पानावरून जा. बिल भरलेलं दिसतं का, ते पाहा. हे सारं पाहिल्यावाचून दुसऱ्यांदा भरू नका.

पैसे गेले आणि बिल मात्र बाकी दिसतं, असंही होतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेनं २०१९ साली नियम घालून दिला. कार्डानं किंवा यूपीआयनं भरलेले पैसे खात्यातून गेले, पण घेणाऱ्याला तशी खबर पोचली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. ही भीक नव्हे, हक्क आहे. बँकेत जा. व्यवहाराचा क्रमांक दाखवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

मात्र तुम्ही दोनदा भरलं आणि दोन्ही वेळा पैसे नीट पोचले, तर हा नियम लागू होत नाही. मग दोन्ही पावत्या घेऊन त्या कार्यालयाकडेच मागणी करावी लागते. हेलपाटे पडतात. त्यापेक्षा आधी दोन मिनिटं थांबलेलं बरं.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता तुम्हाला वाचता येतं. पडद्यावर काय लिहिलंय, ते दुसऱ्याला विचारायची गरज नाही. मग घाई कशाला? आधी वाचा, मग दाबा. कळलं नाही तर थांबा. मागे यायला बटण आहे, पण दिलेले पैसे आणि दिलेला होकार त्या बटणानं परत येत नाहीत.

सांगा पाहू

१. बाण काय बदलतो आणि काय बदलू शकत नाही?
२. बाण फिका दिसला तर काय कराल?
३. पैसे भरताना पान अडकलं, तर दुसऱ्यांदा भरण्याआधी काय काय पाहाल?