आधी धूर पाहा, मग पाना उचला

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेले भाषण)



सकाळपासून तुम्ही कापसाच्या भावाबद्दल ऐकता आहात. मला दिलेला विषय त्या मानाने हलका वाटेल : घरची जुनी डिझेल पिकअप, आणि तिचे इंजिन आपल्या अंगणात, आपल्या हाताने किती दुरुस्त करता येते. पण कापूस घरात पडला आहे, बाजारात दोन पैसे बरे मिळत आहेत आणि गाडी चालू होत नाही, त्या सकाळी भावाच्या आकड्याला काय अर्थ राहतो ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी आली. त्या काळात खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागत, रात्र रात्र गाडीखाली झोपावे लागे. पण बैल उभे राहिले तर वैरण खात. पिकअप उभी राहिली की व्याज खाते.

माझीच गोष्ट सांगतो. २०१७ चा हंगाम. बोंडअळीचे ते वर्ष, त्याबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको. दिवाळी होऊन गेली होती, जो काही कापूस हाती लागला तो घरात होता. गाडी रात्री चांगली उभी केली, सकाळी सेल्फ मारतो तर चालू होईना. दहा-बारा वेळा सेल्फ मारल्यावर एकदाची धरली, थडथडली, मग नीट चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने बॉनेटही नीट उघडले नाही. म्हणाला, दाब गेला, हाफ इंजिन करावे लागेल. घरात माझी बायको म्हणाली, ‘अहो, विहिरीवरचं इंजिन हवा धरली की असंच करायचं.’ गॅरेजवाला हसला. सांगायला लाज वाटते, मीही हसलो.

हेड उतरले, रिंगा बदलल्या, बेअरिंगे बदलली. ११ दिवस गेले, २८ हजार रुपये गेले. तेवढ्यात मुलीच्या फीची तारीख आली, म्हणून निम्मा कापूस दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला तो म्हणेल त्या भावाने दिला. गाडी घरी आली, दोन सकाळी चालली, तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग मी बायकोचे ऐकले. पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेतले, कॅन बॉनेटच्या बाजूला उंच बांधला, टाकीची नळी सोडवून कॅनची नळी फीड पंपाला जोडली आणि हवा काढली. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू. इंजिनाला काही झालेच नव्हते. टाकीकडून येणारी रबरी नळी जिथे क्लिपखाली दाबली जाते तिथे तिला केसासारखी चीर गेली होती. डिझेल बाहेर गळत नव्हते, म्हणून कोणाला दिसले नाही. पण रात्री त्या चिरेतून हवा आत शिरे आणि नळीतले डिझेल टाकीत परत जाई. एक वीत नळीसाठी मी इंजिन खोलून बसलो होतो.

आता या सगळ्यात माझी चूक कोणती? सेल्फ मारताना मी सायलेन्सरकडे एकदाही पाहिले नाही. पाहिले असते तर दिसले असते की धूर अजिबात येत नाही. सेल्फ फिरतो आहे आणि धुराचा मागमूस नाही, याचा अर्थ डिझेल इंजिनात पोचतच नाही. मग दाब गेला की राहिला हा प्रश्न नंतरचा. टाकी, नळी, फिल्टर, फीड पंप, इंजिन बंद करण्याची केबल किंवा सोलेनॉइड, एवढेच आधी पाहायचे.

ज्यांनी विहिरीवरचे ऑईल इंजिन हँडल मारून चालू केले आहे त्यांना हे शास्त्र मुळात ठाऊक आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा सुमारे वीसपट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पेटतो. डिकॉम्प्रेशनची कळ उचलून चाक जोरात फिरवायचे आणि मग कळ सोडायची, ते याचसाठी. पिकअपमध्ये हँडलचे काम बॅटरी करते. बॅटरी मेली असेल तर इंजिन हळू फिरते, हवेचा दाब रिंगांतून निसटतो, हवा तापत नाही. थंडीत ‘दाब गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांत नुसती बॅटरी किंवा अर्थिंगची गंजलेली तार हाही रोग निघतो. ती आधी घासून बघा, पैसे लागत नाहीत.

सेल्फवर पांढरा धूर भकाभका येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ते तपासा, मग टॅपेटची फट, मग पंपाचे टायमिंग, आणि शेवटी दाब. इंजिन गरम झाल्यावरही पांढरे येतच राहिले आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटवर संशय धरा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आपल्याकडे धूळ आणि कापसाची रुई खाऊन एअर फिल्टर गच्च झालेला असतो, म्हणून आधी तोच काढा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इथे मात्र रिंगा, लाइनर किंवा व्हॉल्व्हचे सील यांच्यावर खर्च येणार. चालू इंजिनाचे ऑईल भरायचे झाकण उघडले आणि आतून भस्स भस्स वाफारा आला तर रिंगा थकल्या असे समजा.

हवा काढायची रीत सोपी आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताचा प्रायमर मारत राहायचे, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आले की स्क्रू आवळायचा. मग नोजलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. एका वेळी १० ते १५ सेकंद, त्याहून जास्त नाही, नाहीतर सेल्फ जळेल. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक डिझेल नळी बसवली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. इंजिन मिसिंग मारत असेल तर मंद चालीवर एकेका नोजलचा नट जरासा सैल करा. आवाज पडला तर ते सिलिंडर काम करते आहे. आवाजात फरकच पडला नाही तर रोगी तेच.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगतो. नोजलच्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. गळती बघायची तर पुठ्ठा धरा. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. वरून सुई टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही, आणि आत डिझेलने मांस सडायला लागते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरला स्पष्ट सांगा. बोट जाते, कधी हात जातो. आणि नट सैल करण्याचे हे काम फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनावर. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब १००० बारच्या वर असतो, तिथे चालू इंजिनाच्या नटाला पाना लावायचा नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेली बीएस-६ ची डिझेल पिकअप ज्याच्याकडे असेल त्याने आज नुसते ऐकावे.

टॅपेटची फट आपण घरी बसवू शकतो. इंजिन थंड की गरम, आणि फट किती, हे त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहायचे, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवायचे नाही. हेड बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. टॉर्क पाना गावात चार जणांनी मिळून घ्यावा. पण पंपाचे कॅलिब्रेशन, नोजलचा दाब आणि हेडचे घासकाम हे बेंचचे काम आहे, ते अंगणात होत नाही. तिथे पैसे द्या, मात्र जुने नोजल परत मागून घ्या आणि पंप बेंचवर लावला जाईल तेव्हा समोर उभे राहा.

आता सुधारणेचे. तरुण पोरे विचारतात, काका, पंपाचा स्क्रू वाढवला तर ताकद वाढते ना? वाढते, आठवडाभर. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर, तापलेले हेड आणि शेवटी वितळलेला पिस्टन. बाहेरून टर्बो बसवण्याचेही तेच. त्याला ऑईलची वेगळी लाइन लागते, आणि मुळात टर्बोसाठी न बनवलेले पिस्टन तो भार किती दिवस सोसणार? वर पीयूसी आहेच. जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज, स्क्रू वाढवलेली गाडी तिथे अडकते. वेगळ्या जातीचे इंजिन टाकायचे मनात असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी तेच कागद पुढे करते.

मी माझ्या गाडीला तीनच गोष्टी केल्या. पाणी वेगळे करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर लावला. ड्रममधल्या डिझेलमध्ये पावसाळ्यात किती पाणी असते ते त्या वाटीत दिसते, तेव्हापासून नोजल टिकले. पाण्याच्या तापमानाचा चालता काटा बसवला. आणि एअर फिल्टर ते इंजिन ही नळी नवी टाकली, कारण त्या नळीला भोक असेल तर फिल्टर कितीही साफ ठेवा, काळ्या रानातली धूळ सरळ लाइनरवर जाते आणि पॉलिश पेपरसारखी घासते. ज्वारीच्या मळणीत गाडी खळ्याजवळ चालू ठेवत असाल तर रोज संध्याकाळी फिल्टर झटका. ऑईल-बाथवाला असेल तर त्यातला गाळ काढा.

ऑईल कधी बदलले, किती किलोमीटरवर, हे आमच्या घरी बायको वहीत लिहिते. गाडीबद्दल आता तिचे मत आधी घेतले जाते.

माझी पिकअप मंडपामागे लिंबाखाली उभी आहे. सकाळपासून बंद आहे, म्हणजे इंजिन थंड आहे. चहा झाला की टॅपेट कव्हर उघडतो. फिलर गेज दोन आहेत, ज्यांना हातात धरून पाहायची आहे त्यांनी या. बायांनीही यावे, लांब उभे राहून बघू नये.