घास अडला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुमच्यावर गुदरले ते तुम्हीच सांगा," म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी भाकरीचा घास माझ्या छातीशी अडू लागला. वर पाणी प्यायले की उतरे. पुढे भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागले, मग मऊ भात, मग नुसती पेज. घरात कोणाला कळले नाही. कळणार कसे? सर्वांची पाने उठल्यावर मी एकटी जेवायला बसे. शेवटी सासूबाईंनीच विचारले, "अगं, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत कशा चढतात?"

इस्पितळात तोंडावाटे दुर्बीण घालायचे ठरले. कर्करोगच असणार, अशी मी मनाशी गाठ बांधली होती. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे (ते आपल्याला काय नवे!), मग घशात बधिर करणारा फवारा आणि गुंगीचे इंजेक्शन. अन्ननलिका खालच्या टोकाशी आवळलेली निघाली. तिथला कण तपासला, कर्करोग नव्हता. वर्षानुवर्षे पोटातले आम्ल वर येऊन जखमा होत होत्या आणि त्या भरताना जागा आकसत गेली. मी मात्र जळजळले की खायचा सोडा घेऊन गप्प बसे!

दुर्बिणीतूनच एक मिटलेला फुगा त्या जागी सरकवतात, पाण्याने फुगवतात, मिनिटभर धरून काढून घेतात. पोट फाडणे नाही, टाके नाहीत. एका खेपेला साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ताणत नाहीत, कारण नलिका फाटण्याचा धोका असतो. घरी गेल्यावर छातीत सारखे दुखले, ताप आला वा धाप लागली तर त्याच पावली परत या, असे डॉक्टरांनी बजावले होते. तसे काही झाले नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने मला तीन खेपा पडल्या. पुन्हा आवळू नये म्हणून आम्ल कमी करणारी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते आणि रात्री जेवून लगेच आडवी होत नाही.

आता सासूबाई मला आपल्या शेजारीच जेवायला बसवतात आणि माझ्या ताटावर नजर ठेवतात. परवा ज्वारीची अख्खी भाकरी उतरली. ठेचा मागितला, तो मात्र त्यांनी दिला नाही.