शिडी घेण्याआधी गाडीचा टप मोजा

मे महिना सरत आला की कौलं शाकारणं, गच्चीच्या भेगा बुजवणं, पन्हळी साफ करणं ही कामं आपल्याकडे घरोघरी निघतात. ज्यांच्या दारात कॅराव्हॅन उभी आहे, त्यांना मात्र दोन छपरं सांभाळायची असतात, एक घराचं आणि एक गाडीचं. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधलेली ही फिरती घरं आता कोकणच्या रस्त्यांवर अधूनमधून दिसतात. कोणी ती भाड्याने देतात, तर कोणी निवृत्तीनंतर हौसेने स्वतःसाठी बांधून घेतात. या गाड्यांची निगा राखायला कोणती शिडी घ्यावी, याबद्दल आज बोलणार आहे. कॅराव्हॅन नसली आणि गच्चीवरच्या टाकीसाठी किंवा टेम्पोच्या कॅरिअरसाठी शिडी घ्यायची असली, तरी यातलं बरंच तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी त्या टपावर काय काय असतं ते पाहू. सोलर पॅनेल, हवा खेळती ठेवणारा पंख्याचा झरोका, कुठे एसीचं खोकं, कुठे अँटेना. यातल्या बहुतेक वस्तूंसाठी टपाला भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंटची रेघ ओढलेली असते. उन्हाने ती रेघ कडक होते, रस्त्याच्या हादऱ्यांनी तिला केसाएवढी चीर पडते. खाली उभं राहून ती चीर दिसत नाही. पाण्याला मात्र ती बरोबर सापडते. ते आतल्या प्लायवुडमध्ये शिरतं आणि तिथेच मुरतं. आतल्या बाजूने प्लाय फुगलेला दिसेपर्यंत अख्खा पावसाळा गेलेला असतो. म्हणून वर्षातून निदान दोनदा, पावसाच्या आधी आणि पावसानंतर, टप अगदी जवळून पाहायला हवा.

माझ्याकडे गाड्या दुरुस्तीला घेऊन येणारी मंडळी शिडीबद्दल विचारतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घडी केल्यावर केवढी होते? गाडीत जागा कमी, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण मी त्यांना दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायला सांगतो. शिडी गाडीत कुठे मावेल ते शेवटी बघा. ती जमिनीवर कुठे उभी राहणार आणि गाडीला कुठे टेकणार, ते आधी ठरवा.

त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायची आहे. तुम्हाला टपावर चढायचं आहे, की टपापर्यंत फक्त हात पोचवायचा आहे? ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. कित्येक गाड्यांचा टप माणसाच्या वजनासाठी बांधलेलाच नसतो. पत्रा किंवा फायबर दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये दबतो आणि ज्या सांध्यांची काळजी म्हणून आपण वर गेलो, तेच सांधे सुटतात. गाडी बांधणाऱ्याने ‘वर चाललं तरी चालेल’ असं सांगितलं असेल तरच वर पाय ठेवा. नाही तर बाजूने, शिडीवर उभं राहूनच काम करा. माझ्या अनुभवात निगराणीचं बहुतेक काम असंच होतं. पॅनेल पुसणं, पालापाचोळा काढणं, कडेचे सांधे पाहणं, लांब दांड्याच्या ब्रशने टप धुणं, यातल्या कशालाच वर चढावं लागत नाही.

आता टेप घ्या आणि जमिनीपासून टपाच्या कडेपर्यंतची उंची मोजा. ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाडीत ती साधारण नऊ फुटांच्या आसपास भरते. साडेपाच फूट उंचीचा माणूस चार फुटांवरच्या पायरीवर उभा राहिला, की त्याचे डोळे नऊ फुटांवर येतात. म्हणजे कडेवरून टप दिसायला लागतो आणि हातही आरामात पोचतो. अशा कामाला रंगाऱ्यांकडे असतो तो घोडा, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय फाकवून आपल्या आधाराने उभी राहणारी शिडी, सगळ्यात उत्तम. वर पाय ठेवायला रुंद पाट आणि त्याच्या वर धरायला कमरेएवढा कठडा असलेला, पाच पायऱ्यांचा अॅल्युमिनियमचा घोडा घ्या. त्याला गाडीचा आधार लागत नाही, त्यामुळे गाडीला पोचा पडायची भीती नसते. रुंद पाटावर अर्धा तास उभं राहून जुनं सीलंट खरवडलं तरी तळपाय दुखत नाहीत. एवढंच सांभाळा की घोड्याचं तोंड कामाकडे हवं. त्यावर आडवं उभं राहून एका अंगाला रेटा दिला, की तो कलंडू शकतो. घोड्यावरून टपावर उडी तर कधीच घेऊ नका, आणि घडी घातलेला घोडा भिंतीला किंवा गाडीला टेकवून वापरू नका. तो त्यासाठी बनवलेला नसतो.

टपावर जाणं भागच असेल, तर टेकवायची शिडी लागते. इथे लांबीचा हिशोब नीट करायला हवा. टेकवायच्या शिडीचा नियम असा की चार फूट उंचीमागे तळ एक फूट बाहेर. शिडी नऊ फुटांवर टेकणार असेल, तर तिचे पाय सव्वादोन फूट बाहेर हवेत. याहून उभी ठेवली तर ती माणसासकट मागे येते, याहून आडवी ठेवली तर खालून सरकते. शिवाय टपावर उतरताना आणि परत शिडीवर पाय ठेवताना धरायला काहीतरी हवं, म्हणून शिडी कडेच्या वर निदान तीन फूट गेली पाहिजे. हे सगळं मिळून नऊ फुटांच्या टपाला साडेबारा फुटांच्या आसपास शिडी लागते. बाजारात ३.८ मीटर म्हणून मिळते ती हीच. ३.२ मीटरची शिडी स्वस्त पडते आणि घडीही लहान होते, म्हणून पुष्कळ लोक ती घेतात. पण ती नऊ फुटांच्या कडेवर फूटभरच वर डोकावते. टपावरून खाली येताना वाकून, चाचपडत पायरी शोधावी लागते, आणि माणसं पडतात ती नेमकी त्या क्षणी.

आता टेकवायचं कुठे? भिंत हलत नाही, गाडी हलते. गाडी स्प्रिंगवर उभी असते. आत कोणी चाललं, दार उघडून खाली उतरलं, तरी ती डुलते, आणि तिच्याबरोबर शिडीचं वरचं टोक सरकतं. म्हणून शिडी लावण्यापूर्वी हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, गाडीला जॅकचे पाय असतील तर ते खाली सोडा, आणि आतल्या सगळ्यांना बाहेर बोलवा. मुलांना तर आवर्जून.

शिडीचा भार गाडीच्या सांगाड्यावर यायला हवा. खिडकीच्या वरचा पत्रा, पाणी वाहून नेणारी बारीक पन्हळ, बाहेर ओढायच्या कापडी छताची नळी, यांतल्या कशावरही शिडी टेकवू नका. एका गाडीच्या अंगावर मी दोन खळगे पाहिले, एकमेकांपासून हातभर अंतरावर, सारख्याच खोलीचे. शिडीच्या दोन्ही दांड्यांचे ठसे होते ते. एका खळग्यात रंग तडकून आतला पत्रा उघडा पडला होता आणि त्याच्या कडेने गंज धरला होता. उभ्या दांड्यांना जिथे टेकतात तिथे सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळली, की ओरखडे वाचतात आणि शिडी घसरतही नाही. वर अडकवायला भक्कम कडी असेल, तर दोरीने शिडी बांधून टाका.

टेलिस्कोपिक शिडी सध्या फार खपते. एका नळीत दुसरी नळी अशी ती बंद होते, तीन फुटांच्या आत मावते आणि वजनाला बारा-तेरा किलो भरते. कमी जागेत राहणाऱ्याला तिचा मोह पडणारच. तिचा सगळा भरवसा मात्र प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना असलेल्या छोट्या खिट्ट्यांवर आहे. दुकानात ती तुमच्या हाताने उघडून बघा. एकेक नळी बाहेर येताना दोन्ही बाजूंनी ‘खट्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा आणि दोन्हीकडची बटणं जागेवर बसलेली दिसायला हवीत. एका बाजूची खिट्टी अर्धवट बसली, तर वजन पडताच ती सुटते आणि वरच्या नळ्या धडाधड आत शिरतात. बंद करतानाही लक्ष ठेवा. हात दांडीवर, दोन पायऱ्यांच्या मध्ये असला, तर बोटं चेमटतात. हळू मिटणारी शिडी मिळते, चार पैसे जास्त देऊन तीच घ्या. समुद्रकिनारी वापर असेल, तर दर वेळी कोरड्या फडक्याने नळ्या पुसा. तेल किंवा ग्रीस लावू नका, वाळू त्याला चिकटते आणि खिट्ट्यांत जाऊन बसते.

गाडीत एकच शिडी नेता येणार असेल, तर मी चार घड्यांची, बिजागऱ्यांची शिडी सुचवीन. तिचा घोडाही होतो आणि ती सरळ उघडून टेकवताही येते. घेताना सरळ उघडलेली लांबी विचारा, आणि प्रत्येक बिजागरी कुलूपबंद झाल्यावर हलवून बघा. ती किंचितही डुगडुगली, तर ती शिडी दुकानातच राहू द्या.

शिडीवर वजनाची पट्टी चिकटवलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. युरोपातल्या ईएन १३१ या मानकाच्या शिडीवर १५० किलो लिहिलेलं असतं. अमेरिकी शिड्यांचे वर्ग ९० किलोपासून १७० किलोपर्यंत आहेत. हा आकडा माणूस, त्याचे कपडे आणि त्याच्या हातातली हत्यारं असं सगळं धरून असतो. ८५ किलोचा माणूस, दहा लिटर पाण्याची बादली आणि पिशवीतली अवजारं मिळून शंभरी सहज ओलांडते. ९० किलोची शिडी त्याला पुरणार नाही. बादली तर हातात घेऊन चढूच नये. आधी रिकाम्या हाताने जागेवर पोचा आणि मग ती दोरीने वर ओढून घ्या, कारण चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, एवढं कायम शिडीवर असलं पाहिजे.

तुमच्यापैकी काहींची मुलं अमेरिकेत असतील. तिथे सुट्टीत मोठी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांत फिरायची पद्धत आहे. तिथल्या बसच्या आकाराच्या गाड्यांचा टप बारा-तेरा फुटांवर असतो. तिथे सोळा फुटांची शिडी लागते. आपली साडेबारा फुटांची चालायची नाही. बऱ्याच गाड्यांना मागच्या बाजूला पक्की शिडी जोडलेली असते, पण तिलाही वजनाची मर्यादा असते. दर वेळी चढण्यापूर्वी तिचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत. भाड्याच्या गाडीच्या टपावर मुळात चढू नका असं त्यांना कळवा.

विजेबद्दल मी नेहमी जरा कडक बोलतो. अॅल्युमिनियममधून वीज वाहते. मुक्कामाच्या जागी झाडांच्या फांद्यांत तारा दडलेल्या असतात आणि उघडलेली साडेबारा फुटांची शिडी उभी करताना ती कुठे फिरते याचं भान राहत नाही. शिडी उभी करण्यापूर्वी वर बघा. तारांपासून निदान दहा फूट दूर राहता येत नसेल, तर गाडी हलवा. बाहेरून गाडीला घेतलेली वीज चढण्यापूर्वी काढून ठेवा. ज्यांना कायम तारांजवळच काम करावं लागतं, त्यांनी फायबरग्लासची शिडी घ्यावी. ती जड असते, आणि कोरडी व स्वच्छ असेल तरच विजेपासून वाचवते.

जमिनीचं सांगायचं तर, किनाऱ्याच्या वाळूत किंवा पावसाने भिजलेल्या मातीत शिडीचा एक पाय रुततो आणि दुसरा वर राहतो. दोन्ही पायांखाली एकच रुंद फळी टाका. एका पायाखाली दगड आणि दुसऱ्याखाली वीट असली जुळवाजुळव नको. शिडीच्या रबरी बुटांची झीज दर हंगामात बघा, ते सुटे मिळतात. आणि चपला घालून चढू नका. घट्ट बसणारे, खाचांच्या तळव्याचे बूट घाला, विशेषतः टप साबणाने धुताना.

शिडी ठेवायची जागा आपण शेवटी बघायची ठरवली होती. ती झोपायच्या भागात किंवा चालायच्या वाटेत मोकळी ठेवू नका. गाडीने कचकन ब्रेक मारला, तर बारा किलोचं ते धातूचं गाठोडं पुढे येतं. मागच्या डिकीत आडवी ठेवून दोन पट्ट्यांनी आवळा आणि खाली जुनं गोणपाट अंथरा, म्हणजे हादऱ्यांनी रिव्हेट ढिल्या होणार नाहीत. बाहेर, टपावर बांधून मात्र नेऊ नका, नाही तर ती काढायलाच दुसरी शिडी लागेल.