पूल आणि पिण्याचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते : माध्यमिक शाळेतील एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.)



मी भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवतो. निवडणुका जवळ आल्या की दहावीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, प्रत्येक पुढारी नोकऱ्या, रस्ते, पूल आणि व्यापार यांचीच भाषा करतो. मग पारख करायची कशी?" आपल्याकडचे उदाहरण घेतले की चर्चा लगेच पक्षावर घसरते. म्हणून आज मी आपल्यासमोर एक दूरचे उदाहरण ठेवतो. ते आहे अमेरिकेतील मिशिगन राज्याचे. तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. आपल्या मुख्यमंत्र्याप्रमाणे तोच कारभाराचा खरा प्रमुख असतो आणि लोक त्याला थेट मतदानाने निवडतात.

मिशिगन म्हणजे मोटारींचे माहेरघर. २००८ च्या मंदीत हा धंदा कोलमडला आणि २००९ मध्ये जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वेळी, जानेवारी २०११ मध्ये रिक स्नायडर गव्हर्नर झाले. पेशाने ते हिशेबनीस आणि उद्योजक. पूर्वी कोणतीही निवडणूक न लढवलेला हा माणूस. राज्यातील बेकारी तेव्हा शेकडा ११ च्या आसपास होती. लोकांना काम मिळावे, सोयी उभ्या राहाव्यात आणि शेजारच्या कॅनडाशी व्यापार वाढावा, ही त्यांच्या कारभाराची दिशा होती.

मिशिगनमधील डेट्रॉइट आणि कॅनडातील विंडसर ही दोन शहरे एका नदीच्या दोन काठांवर आहेत. त्यांच्यामध्ये १९२९ साली अँबॅसडर पूल बांधला गेला. हा पूल सरकारी नाही, खाजगी मालकीचा आहे. दोन्ही देशांतील मालाच्या व्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा या एका पुलावरून जात आला. मोटारीचा एखादा भाग एका काठावर ओततात, दुसऱ्या काठावर घासून तयार करतात आणि जोडणीसाठी पुन्हा पहिल्या काठावर आणतात. म्हणजे पूल अडला की कारखाना अडला आणि कामगाराची हजेरी बुडाली.

स्नायडर यांनी २०११ च्या आपल्या पहिल्याच वार्षिक भाषणात दुसऱ्या, सार्वजनिक मालकीच्या पुलाला पाठिंबा जाहीर केला. विधिमंडळात त्यांच्याच पक्षाचे बहुमत होते, तरी विधिमंडळाने साथ दिली नाही. जुन्या पुलाच्या मालकांनीही जोरदार विरोध केला. तेव्हा १५ जून २०१२ रोजी स्नायडर यांनी कॅनडाशी करार केला. मिशिगनच्या वाट्याचा खर्च कॅनडाने आधी करावा आणि पुढे पथकरातून तो वसूल करावा, असे ठरले. बांधकाम २०१८ मध्ये सुरू झाले. १ जानेवारी २०१९ रोजी स्नायडर पदावरून गेले. नदीवरच्या ८५३ मीटरच्या मुख्य गाळ्याची दोन टोके जून २०२४ मध्ये मध्यावर जोडली गेली. ज्याने पाया घातला त्याला फीत कापायला मिळत नाही, हे ठाऊक असूनही काम हाती घेणे याला दूरदृष्टी म्हणतात. तिची गरज फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसली. निदर्शकांनी जुना पूल जवळजवळ आठवडाभर अडवला आणि दोन्ही देशांतील मोटार कारखान्यांना पाळ्या बंद कराव्या लागल्या.

स्नायडर यांच्या कारकिर्दीच्या शेवटी बेकारी शेकडा ४ च्या घरात आली होती. सगळे श्रेय एकट्या गव्हर्नराचे नव्हे, कारण मोटारधंदाच पुन्हा सावरला होता. तरीही प्रगतिपुस्तकात हे गुण मांडलेच पाहिजेत.

पण वाचकहो, प्रगतिपुस्तकात एकच विषय नसतो.

त्याच राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. २०१४ मध्ये त्याची वस्ती सुमारे एक लाख होती. जनरल मोटर्सचा जन्म १९०८ साली तेथेच झाला. कारखाने गेले, माणसे गेली आणि नगरपालिका कर्जात बुडाली. अशा शहरांवर गव्हर्नराने आपला आपत्कालीन व्यवस्थापक नेमावा आणि लोकांनी निवडलेल्या सभासदांचे अधिकार त्याच्या हाती द्यावेत, असा कायदा होता. एप्रिल २०१४ मध्ये अशा व्यवस्थापकाच्या कारभारात, पैसे वाचवण्यासाठी, फ्लिंटने डेट्रॉइटकडून येणारे पाणी बंद केले आणि जवळच्या नदीचे पाणी नळांना सोडले. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून जी प्रक्रिया करावी लागते, ती केलीच नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथील जनरल मोटर्सच्या कारखान्याने हे पाणी घेणे थांबवले, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजत होते. यंत्रांना चांगले पाणी मिळाले. मुले मात्र पुढे वर्षभर तेच पाणी पीत राहिली! आया बाटल्यांत पिवळट पाणी भरून सभांना जात होत्या आणि अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत होते.

शेवटी डॉ. मोना हन्ना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी इस्पितळातील मुलांच्या रक्ततपासणीच्या नोंदी काढल्या आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना केली. रक्तात जास्त शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा २.४ वरून ४.९ वर गेले होते. हे प्रमाण वाढल्याचे त्यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये प्रथम जाहीर केले. आधी सरकारी माणसांनी त्यांना खोटे ठरवू पाहिले, पण ऑक्टोबरमध्ये जुने पाणी परत आले. इराकहून देशांतर केलेल्या कुटुंबातील ही मुलगी. तिच्या हाती सत्ता नव्हती, शेकडेवारी होती. गणिताच्या तासाला जांभया देणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जानेवारी २०१६ मध्ये स्नायडर यांनी जाहीर माफी मागितली. २०२० मध्ये राज्याने ६० कोटी डॉलरची भरपाई कबूल केली. २०२१ मध्ये कर्तव्यात कसूर केल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले, पण आरोप ठेवण्याची रीतच कायद्याला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवल्याने खटला उभा राहिला नाही.

आता एक तारीख सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन प्रश्नांवर कौल दिला. नव्या पुलाच्या वाटेत अडथळा आणू पाहणारा प्रस्ताव त्यांनी फेटाळला. आपत्कालीन व्यवस्थापकाचा कायदाही त्यांनी फेटाळला. पहिला कौल स्नायडर यांना सोयीचा होता. पूल पुढे गेला. दुसरा गैरसोयीचा होता. त्याच डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तशाच धर्तीचा नवा कायदा केला आणि त्यांनी त्यावर सही केली. फ्लिंटचे नळ बदलले ते त्यानंतर.

माझ्या मते पारख येथे होते. दहावीच्या मुलांना मी आता तीन प्रश्न देतो. काम कोणाच्या उपयोगाचे? पैसा कोण भरणार? आणि ज्याला झळ बसेल त्याला विचारले का? पुलाच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांना उत्तरे होती. पाण्याच्या बाबतीत तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आपल्यापैकी कितीतरी घरांतील कर्ती माणसे रोजगारासाठी आखाती देशांत आहेत. नोकरी आणि व्यापार यांची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. खाडीवर पूल नसला की बाळंतिणीचे काय हाल होतात, हे आपल्या आजींना विचारा. म्हणून पूल मागाच. मात्र मागताना त्याच अर्जात शाळेच्या नळाचे पाणी तपासून द्या, हेही लिहा. आणि तो अर्ज वाचता, लिहिता व आकड्यांनिशी मांडता येईल एवढे शिक्षण आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, द्या.