गाव कुठलं तुमचं?



आज त्रिनिदादबद्दल बोलायचं आहे. कॅरिबियन बेटांच्या माळेतलं हे अगदी दक्षिणेचं मोठं बेट. व्हेनेझुएलाचा किनारा इथून हाकेच्या अंतरावर. क्षेत्रफळ आपल्या जळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. कॅरिबियन म्हटलं की जाहिरातीतली पांढरी वाळू, निळं पाणी आणि नारळाची झाडं डोळ्यांपुढे येतात. त्रिनिदादला जाणाऱ्यानं ते चित्र थोडं बाजूला ठेवावं. या बेटाचं पोट भरतं ते खनिज तेलावर आणि नैसर्गिक वायूवर. ला ब्रेआ गावाजवळ तर नैसर्गिक डांबराचं अख्खं तळं आहे, सुमारे शंभर एकरांचं, आणि त्याच्या पृष्ठभागावरून चालताही येतं. मी आयुष्यभर दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा आणि राखेत काम केलेला माणूस, त्यामुळे मला ते तळं फार आवडलं. पण आज मी त्याबद्दल बोलणार नाही. आपली मराठी माणसं त्या बेटावर गेली तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं, ते मला सांगायचं आहे.

जानेवारी १९५३. सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताचा क्रिकेट संघ पहिल्यांदाच वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला होता. पहिली कसोटी त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, क्वीन्स पार्क ओव्हलवर. या मैदानाच्या उत्तरेला हिरवे डोंगर आहेत. प्रेक्षकांत उसाच्या पट्ट्यातून आलेली माणसं होती. त्यांच्या घरात रामायण वाचलं जात होतं, होळी खेळली जात होती. त्यांतल्या बहुतेकांनी भारत कधी पाहिलेला नव्हता. भारताचा संघ मात्र आता त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

ही माणसं तिथं आली कशी? ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोचलं. त्यात सव्वादोनशे मजूर होते. गुलामगिरी कायद्यानं बंद झाली होती, उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून पाच वर्षांच्या करारावर ही माणसं नेली. त्यानंतर १९१७ पर्यंत जहाजं येत राहिली आणि एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं या एका बेटावर उतरली. बहुतेक गंगेच्या खोऱ्यातली, भोजपुरी आणि अवधी बोलणारी. मळा सोडून विनापरवाना बाहेर पडलं तरी तुरुंग. करार मोडणं हा तिथं गुन्हा होता. १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही सगळी पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. तो ठराव फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये गेले आणि दोन वर्षांनी भरती थांबली. त्रिनिदादमध्ये मराठी वस्ती कधी झाली नाही, आपली माणसं गेली ती मॉरिशसला. तरीही या बेटाच्या इतिहासात पुण्याचा एक माणूस असा उभा आहे, आणि त्याची आठवण तिथं गेलेल्या मराठी माणसाला असावी असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा मैदानाकडे. त्या पहिल्या कसोटीत मुंबईच्या सुभाष गुप्त्यांनी एका डावात सात बळी घेतले. समोर वेस्ट इंडिजचे फलंदाज वीक्स, वॉरेल, वॉलकॉट. पूर्ण मालिकेत गुप्त्यांचे सत्तावीस बळी. तिसरी कसोटीही पोर्ट ऑफ स्पेनलाच झाली, तिच्यात माधव आपटे नाबाद १६३ धावा करून परतले. त्या मालिकेनंतर आपट्यांना पुन्हा कधीही कसोटी खेळायला मिळाली नाही, आणि याचं समाधानकारक कारण मी आजवर ऐकलेलं नाही. असो.

गुप्त्यांचं मात्र त्या बेटाशी वेगळंच नातं जुळलं. दौऱ्यात त्यांची तिथल्याच एका भारतीय वंशाच्या तरुणीशी ओळख झाली, पुढे लग्न झालं. १९६१ नंतर भारतीय संघाचे दरवाजे बंद झाल्यावर ते त्रिनिदादला गेले आणि तिथलेच झाले. सर गारफील्ड सोबर्ससारख्या खेळाडूनं आपण पाहिलेला सर्वांत मोठा लेगस्पिनर म्हणून गुप्त्यांचं नाव घेतलं आहे. ते गेले ३१ मे २००२ रोजी, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. दौऱ्यावर गेलेला पाहुणा तिथला रहिवासी होऊन गेला. आपल्याकडे त्यांची आठवण निघते तेव्हा त्यांना संघाबाहेर ठेवल्याच्या अन्यायाची निघते, आणि ती निघायलाच हवी. पण त्या बेटानं त्यांना चाळीस वर्षं घर दिलं, हेही त्याच श्वासात सांगितलं पाहिजे.

मग आला १९७१ चा दौरा. अजित वाडेकर कर्णधार. मडगावचे दिलीप सरदेसाई, मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर आणि एकवीस वर्षांचा सुनील गावसकर. नखाखाली जखम चिघळल्यामुळे गावसकर पहिली कसोटी खेळू शकले नव्हते. ६ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनला त्यांची पहिली कसोटी सुरू झाली. आबिद अलींनी सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर वेस्ट इंडिजच्या फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. सरदेसाईंचं शतक, सोलकरांच्या ५५, गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. भारतानं वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते याच बेटावर. एप्रिलमध्ये शेवटची कसोटी पुन्हा तिथंच झाली, आणि दाढ ठणकत असताना गावसकरांनी १२४ आणि २२० धावा केल्या. चार कसोट्यांत ७७४ धावा.

पुढे जे घडलं ते मला धावांपेक्षा मोठं वाटतं. लॉर्ड रिलेटर नावाच्या त्रिनिदादच्या कॅलिप्सो गायकानं गावसकरांवर गाणं रचलं. कॅलिप्सो म्हणजे त्या बेटाचा लोकगायनाचा प्रकार. आपल्याकडचे शाहीर जसे ताज्या घटनांवर कवनं रचत, तशी ती रचली जातात. हरलेल्या संघाच्या गावात, ज्यानं हरवलं त्याच्यावर गाणं! आणि रचणारा, गाणारा आफ्रिकी वंशाचा त्रिनिदादी. त्यामुळे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनीच आपल्या खेळाडूंना डोक्यावर घेतलं असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं आहे. १९७६ मध्ये याच मैदानावर भारतानं चौथ्या डावात ४०६ धावा काढून सामना जिंकला, त्यातही गावसकरांचं शतक होतं. या एका मैदानावर त्यांची चार कसोटी शतकं आहेत.

पण कॅरिबियनमधली सगळी बेटं एकच समजू नका. १९७६ च्याच दौऱ्यात संघ पुढे जमैकाला गेला. किंग्स्टनच्या खेळपट्टीवर अंशुमन गायकवाडांना कानावर चेंडू लागून रुग्णालयात न्यावं लागलं, विश्वनाथांचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलांच्या तोंडाला लागलं. दुसऱ्या डावात पाच माणसं फलंदाजीला येऊ शकली नाहीत आणि ९७ वर डाव संपला. तिथल्या प्रेक्षकांबद्दल गावसकरांनी आपल्या ‘सनी डेज’ या पुस्तकात फार कडक शब्दांत लिहिलं आहे. सहकारी रक्तबंबाळ होत असताना टाळ्या ऐकू आल्या तर कुणाचाही संताप होईल. मात्र त्या एका दुपारवरून जमैकातल्या सगळ्या माणसांना जोखणं मला पटत नाही. प्रवासी जे सांगतो ते त्याच्या वाट्याला आलेल्या दिवसाचं असतं, एवढं धरूनच प्रवासवर्णन वाचावं.

माझा मुलगा त्रिनिदादच्या वायू उद्योगात नोकरीला, म्हणून मीही ते बेट पाहिलं. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत होते. रविवारी सकाळी त्यांनी न्याहारीला बोलावलं. मागच्या अंगणात पोचलो तर वांगी भाजणं चाललेलं. वांग्याला चिरे देऊन आत लसणाच्या पाकळ्या खोचलेल्या, साल काळंठिक्कर पडेपर्यंत आचेवर धरलेलं. मग साल काढून ते घोटलं, वर तापलेल्या तेलात तडतडलेला कांदा-लसूण ओतला, मिरची घातली. सोबत जाडसर गरम रोटी. तिथं याला बैगन चोखा म्हणतात. आपण तुरीच्या काड्यांवर वांगी भाजतो, हिरवी मिरची आणि लसूण कुटून घालतो, सोबत कळण्याची पुरी असते. फरक तेवढाच. घास तोंडात गेला आणि माझी बायको पहिल्यांदाच त्या देशात मोकळी हसली.

खाणं झाल्यावर मास्तरांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक झेरॉक्स काढली. त्यांच्या पणजोबांचा प्रवासाचा परवाना. कलकत्त्याच्या डेपोत प्रत्येक मजुराचा असा कागद होत असे. नाव, वडिलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, ठाणं, गाव. कारकुनानं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या लोकांच्या नोंदी आहेत, आणि तिथली कितीतरी कुटुंबं त्यांतून आपलं गाव शोधत असतात. मास्तरांच्या कागदावर जिल्हा वाचता येत होता, बस्ती. गावाचं नाव मात्र तीन तऱ्हांनी वाचता येईल असं. मला म्हणाले, “तुम्ही भारतातले. हे कुठं आलं?”

मी सांगितलं, गाव मला माहीत नाही. पण मुंबईहून तिकडे, गोरखपूर भागात जाणाऱ्या गाड्या माझ्या घराजवळच्या स्टेशनावरून जातात. भुसावळ त्याचं नाव. त्यांनी विचारलं, “तिथं गाडी थांबते?” म्हटलं, थांबते. “किती वेळ?” म्हटलं, पाच-दहा मिनिटं. हे त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, तिकडची माणसं अजूनही कामासाठी बाहेर पडतात का. मी आमच्या वीजकेंद्राचं सांगितलं. पाचशे मेगावॉटच्या दोन संचांचं बांधकाम चाललं होतं तेव्हा कंत्राटदारांनी आणलेली कितीतरी माणसं त्याच भागातली होती. चिमणीवर चढणारी, वेल्डिंग करणारी, माती उचलणारी. पत्र्याच्या खोल्यांत राहायची. मास्तर ऐकत होते. म्हणाले, “करार संपला की परतीचं भाडं कोण देतं?”

हा प्रश्न त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या बोलला गेलेला असणार. कराराच्या मजुरांना ठरावीक वर्षं बेटावर काढल्यावर परतीच्या प्रवासाची सोय होती. पुढे सरकारनं तिच्या बदल्यात जमीन देऊ केली, नंतर भाड्याचा काही भाग मजुरांवरच टाकला. काही परतले, बहुतेक राहिले. मास्तरांचे पणजोबा राहिलेल्यांतले. मी सांगितलं, आता कुणी भाडं देत नाही. छठ आणि होळीला माणसं स्वतःच्या तिकिटानं, उभ्यानं का होईना, गावी जाऊन येतात. “जाऊन येतात!” असं म्हणून त्यांनी ते आपल्या बायकोला पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला वॉटरलूला नेलं. तिथं समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मळ्यावरच्या मजुरानं आधी किनाऱ्यावर बांधलं होतं. ती जागा साखर कंपनीची निघाली. देऊळ पाडलं गेलं आणि साधूला तुरुंगात जावं लागलं. सुटल्यावर त्यानं ठरवलं की जमीन कंपनीची असेल, समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. सायकलवरून दगड आणि सिमेंट नेऊन वर्षानुवर्षं त्यानं पाण्यात भर घातली आणि तिथं देऊळ उभारलं. लाटांनी ते ढासळत गेलं, १९९५ मध्ये भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा सरकारनं ते नव्यानं बांधून दिलं. जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेय योग केंद्रात हनुमानाची पंच्याऐंशी फुटांची मूर्ती आहे. उसाचे मळे आता बंद झालेत. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये गुंडाळली गेली, आणि जिथं ऊस होता तिथं बऱ्याच ठिकाणी घरं आणि झुडपं दिसतात.

आपल्याकडची मुलं आता अमेरिकेत, कॅनडात आहेत. त्यांच्याकडे जाणारे आईवडील तिथून एखाद्या बेटाची सहल करतात, बहुधा मोठ्या जहाजातून. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. तेवढ्यात बाजार आणि किनारा पाहून होतो. हौस म्हणून ते ठीकच आहे. पण त्रिनिदादला जाणार असाल तर सावकाश जा. दिवाळीत गेलात तर फार बरं. दिवाळीला तिथं १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे आणि चाग्वानास गावाजवळ दिवाली नगरच्या मैदानावर मोठा उत्सव भरतो. सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून ‘डबल्स’ खा, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत भरलेले छोले. क्वीन्स पार्क ओव्हल बघा. आणि बरोबर भारतीय रेल्वेचा एक चांगला नकाशा न्या, ज्यात बस्ती, गोंडा, आझमगड, गाझीपूर, आरा ही स्टेशनं ठळक दिसतील. कुणीतरी पाकिटातून कागद काढेल, तेव्हा तो लागेल.