जोडीदारासाठीं दौड

जव्हार तालुक्यांतील दाभोसा हें गांव लेंडी नदीच्या उंच धबधब्यामुळें दूरवर ठाऊक झालें आहे. पावसाळ्यांत पाहुणे येतात, धबधबा पाहतात आणि परततात. गांवच्या माणसांचे पाय मात्र बारा महिने चढउतारावर राबत असतात. अशा भागांत घरांतील कोणास कर्करोग जडला, तर औषधाच्या आधीं वाटेचा प्रश्न उभा राहतो. जव्हार गांठावें कसें, पुढें मुंबईस जावें कसें आणि तोंवर घर कोणीं सांभाळावें? शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधें यांचा क्रम महिनोन् महिने चालतो. रोग्याबरोबर जोडीदाराचीही मजुरी बुडते.

जोडीदारासाठीं धावणें महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. सन २०१३-१४ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्यें साठी ओलांडलेल्या श्रीमती लताबाई भगवान करे नऊवारी लुगडें नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची तीन किलोमीटरांची शर्यत त्यांनीं जिंकली. आजारी पतीच्या तपासणीस पैसा हवा होता, म्हणून ही धांव होती. पुढें त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, त्यांत त्यांनीं स्वतःच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ही गोष्ट त्या माउलीस भूषणावह खरी. परंतु पतीची तपासणी शर्यतीच्या बक्षिसावर अवलंबून राहावी, हें समाजास भूषणावह नव्हे.

येथें सर दोराबजी टाटा यांचें स्मरण होतें. सन १९१९ मध्यें पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी त्यांनीं पाहिले. त्यांच्या साह्यानें सन १९२० मध्यें हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि बेळगांवचे फाडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वे आले. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई याही साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, हिंडत्याफिरत्या बाई. सन १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें त्या वारल्या. दुसऱ्याच वर्षीं दोराबजींनीं पत्नीच्या नांवें या रोगाच्या संशोधनासाठीं न्यास स्थापिला, आपली बहुतेक संपत्ति दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षीं तेही निवर्तले. या दुसऱ्या न्यासानें सन १९४१ मध्यें परळचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. स्वतःची पत्नी वांचली नाहीं. परंतु तेथें पुढें असंख्य संसार सांवरले.

दोराबजींइतकें धन सर्वांपाशीं कोठून असणार? त्या उणिवेवर धर्मादाय दौड हा एक उपाय निघाला आहे. मुंबईस सन २००४ पासून मॅरेथॉन होते. धावणारा आपल्या इष्टमित्रांस सांगतो, “मी धावतों; तुम्हीं अमुक संस्थेस यथाशक्ति द्या.” दान संस्थेस मिळतें आणि धावणाऱ्याच्या वांट्यास केवळ श्रम येतात. पूर्ण अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असल्यानें पहांटे उठून महिनोन् महिने सराव करावा लागतो. ज्याची पत्नी कर्करोगांतून उठली, त्यानें असे श्रम कां करावे? तिच्या उपचाराचा खर्च तर होऊन गेलेला असतो. परंतु तिच्या खाटेशेजारी दुसरी खाट होती आणि त्या खाटेवरील बाईचें औषध कदाचित् पैशावांचून थांबलें असेल. आपलें माणूस वांचल्याचा आनंद घरांतच ठेवला, तर तो एका घरापुरता राहतो. शेजारच्या खाटेस साह्य झालें, म्हणजे त्याचें पुण्य होतें.

हें पुण्य करण्यास धावलेंच पाहिजे असें नाहीं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत बाहेरगांवच्या कर्करोग्यांस आसरा मिळतो. कोणी तसा निवारा द्यावा, कोणी गाडीभाडें द्यावें, कोणी रोग्याच्या मागें त्याच्या शेतांत चार दिवस राबावें. तोंडांतील न भरणारा व्रण किंवा स्तनांतील गांठ अंगावर काढूं नये, हें शेजाऱ्यास वेळींच सांगणें हेंही मोठें साह्य आहे. विशेषतः घरच्या लक्ष्मीचें दुखणें सर्वांत शेवटीं दवाखान्यांत पोंचतें. जो पति पत्नीची गांठ कळतांच हातांतलें काम टाकून तिला घेऊन जव्हारची वाट धरतो, त्याची दौड कोणत्याही शर्यतीहून उणी नाहीं. कारण ती वेळेवर झालेली असते.