कुलपातली पुस्तकं, उघडा नळ



२०१६ सालचा एप्रिल आठवतो ना? मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयानं मला कविता वाचायला बोलावलं. विषय होता 'पाऊस'! मी कविता वाचल्या, टाळ्याही मिळाल्या. शेवटी एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, तुमच्या कवितेत पाऊस भरपूर आहे. आमच्या वसतिगृहात मात्र टँकर येतो आणि दुपारपर्यंत संपतो. एवढं पाणी जातं कुठं, हे आम्ही कसं शोधायचं?"

मी साधा बी.ए. झालेला माणूस. उत्तर येईना. म्हटलं, "चला, ग्रंथालयात बघू."

ग्रंथालयात काचेची कपाटं होती आणि कपाटांना कुलपं. ग्रंथपाल भला माणूस; पण पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्याची, म्हणून किल्ल्या त्याच्या खिशात. पाण्यावरची पुस्तकं निघाली. त्यांच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. आणि दाराबाहेर हात धुण्याचा नळ टपटप गळत होता.

श्रोतेहो, मला त्या दिवशी आपलं वागणं नेमकं दिसलं. शंभर जणांनी वाचलं तरी पुस्तक संपत नाही; ते आपण कुलपात ठेवतो. पाणी वापरलं की संपतं. ते आपण वाहू देतो. पर्यावरण हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा आहे. 'शाश्वत विकास' म्हणजे काय, यावर मुलं टिपा लिहितात. पेपर संपला की विषय संपतो.

त्या मुलांनी शनिवारी दुपारी एकत्र बसायचं ठरवलं. बारा जण आणि पुस्तकाची एकच प्रत. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुस्तक होतं अनुपम मिश्र यांचं 'आज भी खरे हैं तालाब'. १९९३ साली आलेल्या या हिंदी पुस्तकावर लेखकानं आपला हक्क राखूनच ठेवला नाही. कुणीही छापावं, कुणीही वाटावं. तळं गावाचं, तसं पुस्तकही सगळ्यांचं! तळं एकदा खोदून भागत नाही, त्यातला गाळ काढायला पिढ्यान्‌पिढ्या हात लागतात, हे मुलांना त्यातून उमगलं.

मग त्यांनी त्या गळक्या नळाखाली बादली ठेवली. संध्याकाळी सहाला ठेवलेली पंधरा लिटरची बादली सकाळी सहाला काठोकाठ भरली. दिवसाचे तीस लिटर. वर्षाचे जवळजवळ अकरा हजार. हिशेब फळ्यावर लिहिला गेला. दोन दिवसांत नळाचं वायसर बदललं. मुलांनी आवारातले सगळे नळ मोजून एका वहीत नोंदवले.

मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला शिकलो. परीक्षा जवळ आली की आम्ही पुस्तकं घेऊन पाणचक्कीला जाऊन बसायचो. दूरच्या डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून तिथं येतं आणि उंचावरून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर एके काळी जातं फिरे. फकिरांसाठी, वाटसरूंसाठी, तिथं शिकणाऱ्यांसाठी पीठ दळलं जाई. त्या आवारात ग्रंथसंग्रहही होता. पाणी, पीठ आणि पुस्तक एकाच अंगणात! आम्ही तिथं बसून प्रश्नोत्तरं पाठ केली; हे पाणी इथवर येतं कसं, असं मात्र एकदाही विचारलं नाही. त्या मुलीनं ते विचारलं.

सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. छतावरचं पावसाचं पाणी गटारात जातं, ते विहिरीत सोडावं, असा अर्ज मुलांनी दिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि मुलं पास होऊन निघून गेली. कॉलेजची हीच अडचण आहे. तीन वर्षांत माणसं बदलतात. जे कळलं, ते त्यांच्याबरोबर निघून जातं.

पण जाताना मुलांनी एक शहाणपण केलं. नळांची ती वही त्यांनी ग्रंथपालांच्या हाती दिली. त्यांनी तिला पुठ्ठ्याची बांधणी केली, दाखल क्रमांक दिला आणि पुस्तकांच्या रांगेत ठेवलं. पुढं एकदा त्या गावी गेलो, तेव्हा मुद्दाम ती वही मागितली.

"बाहेर गेलीय," ग्रंथपाल म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या मुलांनी नेलीय." त्या कपाटाला कुलूप नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)